राजाच्या नावाने, राजाविरुद्ध: सतराव्या शतकातल्या इंग्लंडचे जाहीरनामे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडची यादवी (राजा पहिला चार्ल्स विरुद्ध संसद) आणि १६८८ चं सत्तांतर (दुसऱ्या जेम्सच्या जागी विल्यम) यांवर काही लिहिलं की लढायांबद्दल थोडे आणि कागदांबद्दल पुष्कळ प्रश्न येतात. त्यात नवल नाही. १६४२ मध्ये मोठी लढाई जुंपण्याआधी कित्येक महिने दोन्ही बाजू छापील कागदांनीच एकमेकांवर तुटून पडल्या होत्या. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला आकडा दिला आहे.

१. जाहीरनामा म्हटलं की आम्हाला निवडणूक आठवते. इथे नेमका कोणता कागद?

तीन जातीचे कागद वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो.

राजाचा जाहीरनामा, म्हणजे प्रोक्लमेशन, हा हुकूम. त्यावर राजमुद्रेचं शिक्कामोर्तब, आत ‘अमुक करा, तमुक केलंत तर खबरदार’ असा मजकूर आणि शेवटी ‘देव राजाचं रक्षण करो’. आपल्या फर्मानाचा चुलतभाऊ म्हणा.

डिक्लेरेशन ही कैफियत. आम्ही असे का वागलो, समोरच्याने काय काय केलं, आता आमचा इरादा काय, हे सगळं त्यात येतं. राजा काढतो, संसद काढते, सैन्य काढतं, बंडखोरही काढतात.

तिसरा अध्यादेश, म्हणजे ऑर्डिनन्स. याने आपली मंडळी हमखास फसतात. आपल्याकडे सभागृह बसलेलं नसताना सरकार अध्यादेश काढतं. तिकडे १६४२ पासून नेमकं उलटं झालं. राजाची संमती मिळत नाही म्हणून सभागृहांनीच तो काढला आणि कायद्यासारखा पाळायला लावला.

२. राजाने जाहीरनामा काढला की तो कायदाच व्हायचा का?

नाही. आठव्या हेन्रीने १५३९ मध्ये जाहीरनाम्यांना कायद्याचं बळ देणारा कायदा करून घेतला होता. तो मरताच, १५४७ मध्ये, तो रद्द झाला. पहिल्या जेम्सच्या काळात वाद पुन्हा निघाला. लंडनमध्ये नवी घरं बांधायला आणि गव्हापासून खळ काढायला त्याने जाहीरनाम्याने बंदी घातली होती. कॉलरला कडकपणा आणणारी ती खळ. १६१० मध्ये न्यायाधीश एडवर्ड कोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मत दिलं की असलेला कायदा पाळा अशी ताकीद राजा देऊ शकतो, पण नुसत्या जाहीरनाम्याने नवा गुन्हा निर्माण करू शकत नाही. खळीवरून निघालेलं हे मत २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने संसद स्थगितीच्या खटल्यात आधाराला घेतलं.

३. हे कागद खेड्यापाड्यांत पोचायचे कसे? लोकांना वाचता तरी येत होतं का?

बहुतेकांना नाही. मे १६४१ मध्ये संसदेने एक शपथपत्र काढलं आणि पुढे ते गावोगाव अठरा वर्षांवरच्या पुरुषांपुढे सहीसाठी फिरवलं. उरलेल्या याद्यांवरून अभ्यासकांनी काढलेला अंदाज असा, की साधारण तीस टक्के पुरुषांनाच स्वतःचं नाव लिहिता येत होतं. बाकीच्यांनी खूण केली.

म्हणून कागद आधी कानांवर पडायचा. शहरात महापौर, जिल्ह्यात शेरीफ. बाजाराचा दिवस धरायचा, चौकातल्या क्रूसापाशी उभं राहायचं, मोठ्याने वाचायचं आणि मग प्रत भिंतीला डकवायची. आपल्या दवंडीत आणि यात फरक एवढाच, की वाचणारा इसम अधिकारी असे आणि त्याचं तोंड उघडणं हाच सरकारी पुरावा असे. दुसरा मार्ग चर्चचा. रविवारी व्यासपीठावरून वाचलं की गाव आयतंच बसलेलं.

यामुळे १६४२ मध्ये शेरीफ लोकांची कोण तारांबळ उडाली. राजा म्हणे संसदेचा कागद वाचाल तर बघा. संसद म्हणे राजाचा वाचाल तर बघा. इकडे आड तिकडे विहीर. (मुंबईच्या नगरपालांना इंग्रजीत आजही शेरीफच म्हणतात. पद त्याच घराण्यातलं, फक्त आता कुणी त्यांना अशा कात्रीत धरत नाही.)

४. ‘ग्रँड रेमॉन्स्ट्रन्स’मध्ये एवढं जहाल काय होतं?

मजकुरात फारसं नव्हतं. संसदेची २०४ कलमांची तक्रारवजा कैफियत ती. पहिल्या चार्ल्सच्या कारकिर्दीतले कर, तुरुंगवास, बिशपांची दडपशाही असा सगळा पाढा, पण दोष राजाच्या सल्लागारांना. आयर्लंडमध्ये नुकतंच, ऑक्टोबर १६४१ मध्ये, बंड उठलं होतं आणि ते मोडायला उभं राहणारं सैन्य राजाच्या हाती द्यायचं का, हा खरा पेच होता.

२२ नोव्हेंबरला चर्चा सुरू झाली ती मेणबत्त्या लावून मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. १५९ विरुद्ध १४८, अवघ्या अकरा मतांनी ठराव पार पडला. त्यानंतर ‘हे छापायचं’ असा विषय निघाला आणि सभागृहात हात तलवारींकडे गेले. राजाला गाऱ्हाणं सांगणं ही जुनी रीत होती. तेच गाऱ्हाणं छापून बाजारात विकायचं म्हणजे राजाबद्दल त्याच्या पाठीमागे रयतेशी बोलणं. सर एडवर्ड डेरिंग यांनी हे नेमकं पकडलं. आपण खालच्या दिशेने गाऱ्हाणं घालू, लोकांना गोष्टी सांगू आणि राजाबद्दल कुणी तिऱ्हाईत असल्यासारखं बोलू, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, असं ते म्हणाले.

१ डिसेंबरला कागद राजाला मिळाला आणि १५ डिसेंबरला छापायचा हुकूम निघाला. माझ्या मते यादवीची सुरुवात शोधायची तर तोफांपेक्षा ही तारीख जास्त कामाची.

५. संसद राजाशी लढत होती, तरी तिच्या कागदांवर ‘राजा आणि संसद यांच्यासाठी’ असं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न.

जानेवारी १६४२ मध्ये चार्ल्स पाच खासदारांना पकडायला हत्यारबंद माणसं घेऊन स्वतः सभागृहात गेला, हात हलवत परतला आणि सहा दिवसांनी लंडन सोडून निघून गेला. मार्चमध्ये संसदेने त्याच्या संमतीवाचून लष्करी अध्यादेश काढला. जिल्ह्याजिल्ह्यातली शिबंदी आता संसदेने नेमलेल्या माणसांच्या हाताखाली. याला आधार काय? तर राजाचं पद वेगळं आणि राजा नावाचा माणूस वेगळा. माणूस वाईट सल्लागारांच्या कह्यात गेला, पण पदाची इच्छा संसदेतून बोलतेच आहे. तेव्हा त्याच्या नावानेच त्याच्याविरुद्ध फौज उभी करता येते.

२७ मे रोजी राजाने यॉर्कहून जाहीरनामा काढला की हा अध्यादेश कुणी पाळू नये. मग जूनमध्ये त्याने सैन्यभरतीची स्वतःची जुनी पद्धत उकरून काढली, ‘कमिशन ऑफ अरे’. त्यात गंमत अशी की ते आज्ञापत्र लॅटिनमध्ये. राजाचा सल्लागार एडवर्ड हाइड याने पुढे लिहून ठेवलं, की विरोधकांनी त्याचं मनाला येईल तसं इंग्रजी करून लोकांना सांगितलं. लोकांना कळणार नाही अशा भाषेत हुकूम काढला की त्याचा अर्थ शत्रू सांगतो, हे राजाच्या लोकांना फार महागात पडलं.

त्याच महिन्यात संसदेने एकोणीस मागण्या पाठवल्या. त्यांना राजाने दिलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे. राज्य म्हणजे राजा, सरदार आणि सामान्यांचं सभागृह यांचं मिश्रण, असं त्यात खुद्द राजाच कबूल करतो. तो मुद्दा पुढे वर्षानुवर्षं संसदवालेच त्याच्या तोंडावर फेकत राहिले.

६. नॉटिंगहॅमला राजाने निशाण उभारलं तेव्हा जाहीरनामा वाचला गेला होता ना?

वाचला गेला, म्हणजे अडखळत का होईना गेला. २२ ऑगस्ट १६४२. हवा वादळी. निशाण उभं केलं, कर्णे वाजले, घोषक कागद उलगडून वाचणार एवढ्यात चार्ल्सने तो मागून घेतला. वाचला. काही शब्द खटकले. तिथेच दौत-लेखणी मागवून त्याने स्वतःच्या हाताने खाडाखोड केली आणि कागद परत दिला. घोषकाला आता ती गिचमिड जमावासमोर मोठ्याने वाचायची होती, ती त्याने कशीबशी वाचली.

लोक टोप्या उडवून ओरडले, पण भरतीला फारसे आले नाहीत. निशाणही पुढे वाऱ्याने कोसळलं. त्याचा अपशकुन म्हणून फार गवगवा होतो. मला मात्र ती खाडाखोड जास्त बोलकी वाटते. युद्ध पुकारताना राजाला चिंता होती ती शब्दाची.

७. हे मजकूर राजे स्वतः लिहायचे का?

क्वचित. चार्ल्सच्या १६४२ च्या बऱ्याचशा कैफियती हाइडच्या. सुरुवातीला तो लंडनमध्ये संसदेत बसत होता आणि आतून राजासाठी मसुदे लिहीत होता. एकोणीस मागण्यांचं उत्तर मात्र फॉकलंड आणि कल्पेपर या राजाच्याच सल्लागारांचं. १६४७ च्या संसदेच्या सैन्याच्या कागदांमागे त्याच सैन्यातला अधिकारी आयर्टन. १६८५ मध्ये राजाविरुद्ध बंड करणाऱ्या मॉन्मथने लाइम रेजिस गावी वाचून घेतलेला जाहीरनामा रॉबर्ट फर्ग्युसनचा. त्याने दुसऱ्या जेम्सवर भावाला विष घातल्यापासून लंडनची आग लावल्यापर्यंत एकही आरोप शिल्लक ठेवला नाही. संयमाशी त्या लेखणीची ओळख नव्हती.

८. सामान्य माणसांचे, सैनिकांचे जाहीरनामे होते का?

होते, आणि ते मोठ्यांपेक्षा थेट बोलतात. १६४५ मध्ये विल्टशर-डॉर्सेटकडचे शेतकरी दोन्ही फौजांच्या लुटीला कंटाळून दांडकी घेऊन एकत्र आले. त्यांना क्लबमेन म्हणत. त्यांच्या निशाणावरच्या दोन ओळींचा अर्थ असा, की लुटाल, आमची गुरं न्याल, तर लढाई ठरलेली. हाही जाहीरनामाच, फक्त कापडावरचा.

१४ जून १६४७ चा सैन्याचा कागद वेगळ्या वजनाचा. पगार थकलेला, संसद घरी जा म्हणते आहे, अशा वेळी सैन्य सांगतं की आम्ही कुणाच्या मनमानी सत्तेसाठी भाड्याने घेतलेली नुसती भाडोत्री फौज नाही. त्यातून शरद ऋतूत ‘लोकांचा करार’ हा मसुदा आला, पटनीच्या चर्चमध्ये त्यावर वाद झाले. १५ नोव्हेंबरला वेअरजवळ कॉर्कबुश मैदानावर काही सैनिक त्या कराराच्या प्रती टोपीत खोचून हजर राहिले. टोपीवर शब्द, ‘इंग्लंडचं स्वातंत्र्य, सैनिकांचे हक्क’. अधिकाऱ्यांनी कागद ओढून काढले. तिघांमध्ये फासे टाकायला लावले आणि रिचर्ड आर्नल्ड नावाच्या शिपायाला तिथेच गोळी घातली.

९. राजाला मारलं त्या दिवशी संसदेने कुठला जाहीरनामा काढला?

काढण्यापेक्षा एक बंद पाडला. कायद्याने एक राजा मेला की त्याच क्षणी वारस राजा, फक्त तसं पुकारायचं बाकी. म्हणून ३० जानेवारी १६४९ च्या सकाळी घाईघाईने कायदा झाला की कुणीही कुणालाही राजा म्हणून जाहीर करायचं नाही. तो होईपर्यंत चार्ल्स व्हाइटहॉलमध्ये थांबलेला. वध दुपारी दोनच्या सुमारास झाला. आठवड्याच्या आत, ५ फेब्रुवारीला, एडिंबराच्या चौकात त्याच्या मुलाला राजा म्हणून पुकारलं, तेही एकट्या स्कॉटलंडचा नव्हे तर इंग्लंड-आयर्लंडसकट.

मार्चमध्ये राजेपदच रद्द झालं आणि तो कायदा लंडनमध्ये पुकारायचं काम महापौर अब्राहम रेनार्डसन यांच्याकडे आलं. त्यांनी नकार दिला. मी पद घेताना राजनिष्ठेची शपथ घेतली आहे, हे माझ्या तोंडून निघणार नाही, असं त्यांचं म्हणणं. २,००० पौंड दंड, दोन महिने टॉवर ऑफ लंडनची कोठडी, पद गेलं. नवे महापौर नेमले आणि ३० मे रोजी कायदा पुकारला गेला. म्हणजे जग हलवून सोडणारी सत्ता दहा आठवडे एका माणसाच्या बंद तोंडापाशी अडून होती.

१०. ब्रेडाच्या जाहीरनाम्यातलं वचन दुसऱ्या चार्ल्सने पाळलं की नाही?

तो कागद नीट वाचला तर त्याने वचन दिलंच कुठे होतं, असा प्रश्न पडतो. एप्रिल १६६० मध्ये, वध झालेल्या राजाचा हा मुलगा गादीवर परतण्याआधी, हाइडच्या लेखणीतून उतरलेल्या त्या मजकुरात चार गोष्टी आहेत. माफी, धर्माच्या बाबतीत नाजूक मनाच्या माणसांना मोकळीक, यादवीत हस्तांतर झालेल्या जमिनींचा निकाल आणि सैन्याचा थकलेला पगार. प्रत्येक वेळी शेवट मात्र तोच, संसद ठरवेल.

माफी चाळीस दिवसांत शरण येणाऱ्या सर्वांना, संसद वगळेल ते सोडून. संसदेने वगळलं आणि ऑक्टोबरमध्ये दहा जणांचा वध झाला. धर्माची मोकळीक १६६२ च्या कायद्याने गिळली, सुमारे दोन हजार पाद्री चर्चबाहेर पडले. पगार मिळाला. तेव्हा फसवणूक म्हणायची की मसुद्याची कमाल, हे तुम्ही ठरवा. मी दुसऱ्या बाजूला आहे.

ब्रेडाच का, हेही लोक विचारतात. चार्ल्स तोवर स्पेनच्या मुलखात होता आणि स्पेनशी इंग्लंडचं युद्ध चालू होतं. शत्रूच्या गावाहून आलेला कागद वाईट दिसला असता, म्हणून सेनापती मंकच्या सल्ल्याने तो डच हद्दीत गेला.

११. जाहीरनामा वाचायला नकार देणं हा गुन्हा होता का?

रेनार्डसन यांच्या बाबतीत ठरला (प्रश्न ९). १६८८ मध्ये ठरला नाही. दुसऱ्या जेम्सने कॅथलिक आणि इतर पंथीयांना सवलत देणारा जाहीरनामा प्रत्येक चर्चमधून वाचायचा हुकूम काढला. मुख्य धर्माधिकारी सँक्रॉफ्ट आणि सहा बिशपांनी अर्ज केला की असा अधिकार राजाला नाही, आम्ही वाचायला लावणार नाही. राजा म्हणाला, हे तर बंडाचं निशाण.

ठरलेल्या रविवारी लंडनमधल्या बोटांवर मोजण्याइतक्याच चर्चमध्ये तो वाचला गेला. एका पाद्र्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याने भक्तांना सांगितलं, मला वाचणं भाग आहे, तुम्हाला ऐकणं भाग नाही. सगळे उठून गेले आणि त्याने रिकाम्या बाकांना जाहीरनामा वाचून दाखवला. सात बिशपांवर खटला झाला, ३० जूनला ते निर्दोष सुटले. त्याच दिवशी सात मातब्बरांनी हॉलंडच्या विल्यमला येण्याचं पत्र सही करून पाठवलं.

१२. विल्यमने स्वारीआधीच जाहीरनामा छापला होता म्हणतात. त्यात गादीचा दावा होता?

अजिबात नव्हता, आणि तीच त्याची ताकद. फागेल या डच मुत्सद्द्याने मसुदा केला, गिल्बर्ट बर्नेटने इंग्रजीत आणला. आम्ही येतोय ते मुक्त आणि कायदेशीर संसद भरावी म्हणून, आणि राणीला झालेला मुलगा खरा की कसा याची चौकशी व्हावी म्हणून, एवढंच. चार भाषांत एकवीस आवृत्त्या निघाल्या, प्रतींचा अंदाज ६०,००० च्या घरात. जेम्सने २ नोव्हेंबरला हा कागद जवळ बाळगायलाही बंदी घातली. तीन दिवसांनी विल्यम टोरबेला उतरला. एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये बर्नेट तो वाचायला लागला तसे तिथले धर्मोपदेशक उठून चालते झाले.

गादी त्याला मिळाली ती फेब्रुवारी १६८९ मध्ये, हक्कांचा जाहीरनामा त्याच्यासमोर आणि त्याची पत्नी मेरी हिच्यासमोर वाचून झाल्यावर.

१३. खोटे जाहीरनामेही फिरत असतील?

सर्रास. सगळ्यात गाजलेला म्हणजे विल्यमचा ‘तिसरा’ जाहीरनामा. डिसेंबर १६८८ मध्ये आला. हत्यारबंद कॅथलिक लंडन पेटवणार आहेत, त्यांची शस्त्रं काढून घ्या, असा मजकूर. विल्यमने हात झटकले, पण तोवर लोकांनी खरा धरून घरांच्या झडत्या घ्यायला सुरुवात केली होती. पुढे ह्यू स्पीक नावाच्या गृहस्थाने हे आपलंच काम म्हणून फुशारकी मारली.

१४. एकाच जाहीरनाम्याला दोन-दोन साल का दिसतात?

इंग्लंडचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. म्हणून त्यांच्या कागदांत राजाचा वध ३० जानेवारी १६४८ असा लिहिलेला. स्कॉटलंडने मात्र १६०० पासून १ जानेवारी धरली होती. म्हणजे एकाच आठवड्यात लंडनला १६४८ आणि एडिंबराला १६४९. शिवाय ज्युलियन पंचांग युरोपच्या नव्या पंचांगाच्या दहा दिवस मागे. विल्यमच्या जाहीरनाम्यावरची १० ऑक्टोबर ही हेगची तारीख, इंग्लंडमध्ये तेव्हा ३० सप्टेंबर.

हे परकं वाटत असेल तर शिवजयंती आठवा. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे, ग्रेगोरियनने १ मार्च होते. आणि एखाद्या इंग्रज कारकुनाने त्या दिवशी कागद लिहिला असता तर साल घातलं असतं १६२९.

१५. या सगळ्याचा आपल्याकडे काही धागा?

एक आहे आणि झकास आहे. आंदणात मिळालेली मुंबई दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कंपनीने पगारात काटछाट केली तेव्हा २७ डिसेंबर १६८३ रोजी कॅप्टन रिचर्ड केग्विनने डेप्युटी गव्हर्नरला कैद केलं आणि जाहीरनामा काढला, की कंपनीची सत्ता संपली, बेट आता राजाच्या नावाने चालेल. राजाला न विचारता, राजाच्या नावाने. प्रश्न ५ मधली युक्ती समुद्र ओलांडून आली होती. केग्विनने संभाजी महाराजांशी तहही केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या हमीवर त्याने बेट परत सोपवलं.

१६. मूळ कागद आज बघायला मिळतात का?

मिळतात, आणि ते एका पुस्तकविक्याच्या हट्टामुळे. जॉर्ज थॉमसन याने १६४० पासून वीस वर्षं लंडनमध्ये जे छापून येईल ते जमवलं, सुमारे २२,००० नग, आणि पुष्कळांवर ते हाती आल्याची तारीख स्वतः लिहिली. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. न्यूटन ॲबटला, जिथे विल्यमचा जाहीरनामा वाचला गेल्याचं सांगतात, तिथे त्याची नोंद असलेला दगडही आहे.

थॉमसनच्या संग्रहातल्या एका पुस्तकाकडे मात्र नक्की बघा. १६४७ मध्ये कैदेतल्या चार्ल्सने ते वाचायला मागवलं होतं. प्रवासात ते चिखलात पडलं, तसंच परत आलं. थॉमसनने डाग पुसले नाहीत. कशाने पडले ते शेजारी लिहून ठेवलं.